ती तिथेच उभी होती



आजचं वाचन: रूथ, अध्याय १ आणि २. चार अध्यायांचं, ८५ वचनांचं छोटंसं पुस्तक आहे. वनाजला मेट्रोत बसलात तर रामवाडी यायच्या आत अख्खं वाचून होईल. शक्य असेल तर आधी ते वाचा आणि मग इकडे या, कारण आज मी गोष्ट नीट क्रमाने सांगणार नाहीये. गेले दहा-बारा दिवस मी पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या काही ओळींवर अडकून बसलोय, आणि अडकण्याचं कारण घरातलं आहे.

तरी ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शास्त्यांच्या काळात, म्हणजे इस्राएलात राजा नव्हता आणि ज्याला जे बरं वाटेल ते तो करत होता त्या दिवसांत, बेथलेहेमात दुष्काळ पडला. बेथलेहेम या नावाचा अर्थच 'भाकरीचं घर', आणि तिथेच भाकरी नाही. अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मृत समुद्रापलीकडे मवाबात गेला. तिथे तो वारला. मुलांनी मवाबी मुलींशी लग्नं केली, अर्पा आणि रूथ. दहा वर्षांच्या आसपास गेली आणि दोन्ही मुलंही वारली. मागे उरल्या तीन विधवा. घरात लेकरू एकही नाही. मग नामीच्या कानावर आलं की परमेश्वराने गावाकडे पुन्हा अन्न दिलंय, आणि ती परत निघाली.

हा रस्ता नकाशावर एकदा बघा. मवाबचं पठार आज जॉर्डन देशात आहे. तिथून उतरत उतरत मृत समुद्राच्या खोऱ्यात यायचं, जे समुद्रसपाटीच्याही सुमारे ४३० मीटर खाली आहे. मग तिथून चढत बेथलेहेमच्या डोंगराळ भागात जायचं, सुमारे ७५० मीटर उंचीवर. म्हणजे हजार मीटरहून जास्त चढण, आणि चढणाऱ्या दोन विधवा. आपण शनिवारी ट्रेकला जातो तेव्हा खाली गाडी उभी असते. यांच्याकडे मागे काही नव्हतं आणि पुढे काय असेल ते ठाऊक नव्हतं. हवा स्वच्छ असली की बेथलेहेमच्या बाजूच्या डोंगरांवरून मवाबचे डोंगर दिसतात म्हणे. नामीला पुढचं आयुष्यभर ते दिसत राहिले असणार. तिच्या तीन कबरी तिकडेच होत्या.

या रस्त्यावर रूथने दिलेला शब्द सगळ्यांना पाठ असतो. तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे, तुझा देव तो माझा, अशा अर्थाचा. लग्नपत्रिकांवर छापतात, भिंतीवर फ्रेम करून लावतात. नवरा-बायकोचा शब्द म्हणून. तो एका सुनेने सासूला दिलाय हे बऱ्याच जणांना लग्नानंतर कळतं! गंमत सोडा, पण यात एक खरी गोष्ट आहे. रूथ नामीला बिलगून राहिली असं जिथे लिहिलंय, तिथे हिब्रूत 'दाबक' हे क्रियापद आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहतो, तिथेही हेच क्रियापद. मला हिब्रू येत नाही, अ‍ॅपवर शब्दावर बोट ठेवलं की कळतं तेवढंच. पण लिहिणाऱ्याने लग्नाच्या नात्याचा शब्द सासू-सुनेसाठी वापरलाय, आणि तो वाचून मी थांबलो.

आता माझा मुद्दा. एवढा मोठा शब्द ऐकून नामी काय म्हणाली?

काहीच नाही. हिचा निश्चय पक्का आहे हे बघून ती पुढे बोलायची थांबली, एवढंच लिहिलंय. 'बरं झालं बाई तू आहेस' नाही, गळ्यात पडणं नाही. आणि मग सगळा रस्ता गाळून थेट बेथलेहेम. गावात गलबला होतो, बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे रम्य, मनोहर. मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं, असं ती सांगते.

रिकामी. आणि रूथ तिथेच उभी आहे.

आठ-दहा वेळा तरी मी हे पुस्तक वाचलं असेन. तरुण संघात यावर एकदा बोललोही होतो. पण रूथ तिथे उभी असताना हे वाक्य बोललं गेलंय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आलं ते माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. आईने श्रीरामपूरकडचं घर बंद केलं आणि ती आमच्याकडे पुण्याला आली. तिचे गुडघे गेलेत, बीपी आहे, शुगर आहे. सकाळची गोळी, नाश्त्याआधी शुगर बघणं, आंघोळीचं पाणी, रात्री गुडघ्यांना तेल. हे सगळं कोण करतं? मी लिहिताना 'आम्ही करतो' असंच लिहिणार होतो. बॅकस्पेस मारला. बायको करते. तीही नोकरी करते, माझ्याइतकीच. फरक एवढाच की माझ्या मीटिंगच्या वेळी दार बंद असतं आणि तिच्या मीटिंगच्या वेळी उघडं.

त्या दिवशी मावशीचा फोन आला होता. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून बोलत होती. मी पाणी प्यायला उठलो होतो, बायको तिच्यासाठी चहा घेऊन चालली होती. आई म्हणाली, "माझं काय गं आता. एकटीच आहे मी. ते गेले, सगळं गेलं. बसायचं एका कोपऱ्यात."

बायकोने कप टीपॉयवर ठेवला. आवाजही होऊ दिला नाही. आत गेली.

रात्री मी विषय काढला. वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "राग नाही आला रे. त्यांचं माणूस गेलंय, मला कळतं. पण मी तिथेच उभी होते."

मित्रांनो, मी घरी दोन भाषणं तयार केली होती. एक आईला द्यायचं, तू असं कसं बोललीस म्हणून. दुसरं बायकोला, प्रीती सहनशील असते वगैरे. दोन्ही दिली नाहीत. ते माझं शहाणपण नव्हतं, त्या रात्री माझी ऑन-कॉल ड्युटी होती आणि सर्व्हर पडला. देवाने काही वेळा असंही वाचवलंय.

दुसऱ्या दिवशी मी रूथ उघडलं तेव्हा आईवर रागच होता, खोटं कशाला बोलू. पण नामीवर राग येईना. तिने नवरा आणि दोन मुलं मातीत ठेवली होती. ज्याचं एवढं गेलंय त्याला समोर काय उरलंय ते दिसत नाही. डोळ्यांत पाणी असलं की समोरचं माणूस धूसर दिसतं, तसंच. परमेश्वर तिला झापत नाही. तिची तक्रार थेट त्याच्याविरुद्ध आहे, आणि ती पवित्र शास्त्रात जशीच्या तशी ठेवलीय. तेव्हा ज्यांच्या घरात असं दुःखाने आंधळं झालेलं माणूस आहे त्यांनी त्याला लगेच कृतज्ञतेचे धडे देऊ नयेत असं मला वाटतं. (मी देणार होतो, म्हणून सांगतोय.)

आणि मग पुढचीच ओळ बघा. नामी म्हणते रिकामी, आणि लिहिणारा लगेच म्हणतो की अशी नामी परत आली आणि तिच्याबरोबर तिची सून मवाबी रूथ होती. तो नामीला खोटं पाडत नाही. फक्त नोंद करतो. तिला ती दिसली नसेल, मला दिसली, आणि मी लिहून ठेवतोय. या नोंदीने मला खूप धीर दिला आणि तितकीच लाजही वाटली. कारण त्या खोलीत नोंद करणारा तिसरा माणूस मीच होतो, हातात पाण्याचा ग्लास घेऊन.

इथे मला तरुण संघातल्या त्या बोलण्याबद्दल कबुली द्यायचीय. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. विषय होता कुटुंबातला विश्वासूपणा, आणि मी रूथवर वीस मिनिटं बोललो. प्रत्येक घराला रूथसारखी सून मिळो, अशी प्रार्थनाही केली. लोकांनी मोठ्याने आमेन म्हटलं, विशेषतः सासवांनी. घरी जाताना बायकोने विचारलं, "रूथवर नेहमी मुलगेच का बोलतात रे?" मी हसण्यावारी नेलं.

आज मला वाटतं की रूथची गोष्ट सुनांना सांगायची असेल तर आधी नामीचं पहिलं काम सासवांना आणि मुलांना सांगायला हवं. तिने दार उघडं केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जा, आपापल्या आईच्या घरी जा, परमेश्वर तुमच्यावर दया करो, तुमची नवी घरं होवोत. ती म्हातारी, एकटी, समोर तो चढ, आणि दोन्ही तरण्याताठ्या मुलींना ती म्हणते की मला सोडा. त्यांनी आपल्यासाठी काय केलं पाहिजे याची यादी तिच्याकडे नव्हती. अर्पा गेली. नामीने तिला शाप दिला नाही, तिचा मुका घेऊन निरोप घेतला गेला. पुढच्या पिढ्यांनी उपदेशांमध्ये अर्पाला फार झोडपलं, पण पुस्तकात तिच्याविरुद्ध एक शब्द नाही. नोकरीसाठी टोरांटोला किंवा स्टुटगार्टला बसून हे वाचणाऱ्या, आईच्या फोननंतर रात्री झोप न येणाऱ्या माझ्या मित्रांना हे मुद्दाम सांगतोय. अर्पा रडत गेली, आशीर्वाद घेऊन गेली.

रूथने जे केलं त्याला किंमत का आहे? कारण तिला ते करायचं नसतं तर चाललं असतं. जे मागून, हक्काने, 'आमच्या घरची रीत' म्हणून वसूल केलं जातं त्याला हिब्रूत 'हेसेद' म्हणत नाहीत. हा शब्द या पुस्तकात तीनदा येतो. मराठीत आपण त्याला दया म्हणतो, पण त्यात नात्याला जागणंही आहे आणि देणं लागतं त्याहून जास्त देणंही. जास्तीचं जे आहे ते मागता कसं येईल? मागितलं की ते देण्याच्या रकान्यात जातं. मग मी बायकोकडे काय मागत होतो? मी तोंडाने काही मागितलं नव्हतं. पण दारही उघडं केलं नव्हतं. तिला कधी विचारलंच नव्हतं की आई आपल्याकडे राहायला येतेय, तुला चालेल का. ते गृहीत होतं. रूथला नामीने विचारलं, माझ्या बायकोला मी विचारलं नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहायला सगळ्यात जड जातेय. रूथच्या गोष्टीत मुलगा मेलेला आहे. महलोन नाही, खिल्योन नाही, म्हणून सून शेतात जाते. आमच्या घरात मुलगा जिवंत आहे. चांगला धडधाकट, कानाला हेडफोन लावून बसलेला.

आता दुसरा अध्याय. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण शब्द देऊन झालाय आणि आता सकाळ झालीय. रूथ नामीला म्हणते, मी शेतात जाऊन सरवा वेचू का? परवानगी मागते. 'मी तुझ्यासाठी एवढं सोडून आले' हे वाक्य ती चारही अध्यायांत एकदाही बोलत नाही. कापणी करणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसं वेचायचा हक्क गरीब, परदेशी, अनाथ आणि विधवांना मोशेच्या नियमशास्त्रात दिलेला होता. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते त्यांचं आहे. रूथ त्यातल्या दोन रांगांत बसत होती, परदेशी आणि विधवा. शिवाय मवाबी, म्हणजे ज्या लोकांना देवाच्या मंडळीत घेऊ नये असं अनुवादात लिहिलंय त्यांच्यातली. पुस्तकभर तिच्या नावामागे ते 'मवाबी' चिकटलेलं आहे. माझी बायको वसईची, कॅथलिक घरातली. माझी आई पहिलं वर्षभर नातेवाइकांशी बोलताना तिचं नाव घेत नसे, 'वसईची' म्हणायची. असो.

तर सकाळपासून वेचून, संध्याकाळी झोडपून रूथच्या पदरात किती आलं? एक एफाभर सातू. एफा हे साधारण वीस-बावीस लिटरचं माप धरतात. ऑफिसमधला पाण्याचा मोठा जार डोळ्यांसमोर आणा, आणि तो धान्याने भरलेला गावापर्यंत उचलून नेणारी बाई. बवाजने आपल्या गड्यांना मुद्दाम कणसं टाकायला सांगितली होती हे खरं, पण वाकायचं तिलाच होतं.

आणि मग ती एक गोष्ट करते जी मी आजवर वाचूनही वाचली नव्हती. दुपारी बवाजने तिला भाजलेलं धान्य दिलं होतं. आपल्या हुरड्याची आठवण यावी असं काहीतरी. ती पोटभर जेवली आणि उरलेलं तिने बांधून ठेवलं. घरी आल्यावर ते पदरातून काढून सासूला दिलं. किती दिवसांनी पोटभर खायला मिळालं असेल, आणि त्यात तिला घरच्या रिकाम्या बाईची आठवण झाली.

नामी बदलली ती इथे. रस्त्यावरच्या मोठ्या शब्दाने बदलली नव्हती, हातात मूठभर शिळं भाजलेलं धान्य पडल्यावर बदलली. ती पहिल्यांदा प्रश्न विचारते: आज कुठे गेली होतीस? ज्याने तुझी दखल घेतली त्याचं भलं होवो. सगळं रिकामं झालंय म्हणणाऱ्या बाईने समोरच्या मुलीचा दिवस कसा गेला हे विचारलं. मग तिच्या तोंडी तो 'हेसेद' शब्द येतो, परमेश्वराने जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची दया सोडलेली नाही म्हणून. तिसऱ्या अध्यायात तर ती रूथच्या पुढच्या आयुष्याची काळजी करायला लागते. पण ते उद्या.

मी मात्र त्या आधीच्या एका वाक्यावर परत येतो. बवाज रूथला म्हणतो की नवरा गेल्यावर तू सासूसाठी जे केलंस ते सगळं मला सांगण्यात आलंय. सांगण्यात आलंय, पण कोणी सांगितलं? नामीने नव्हे, ती तर रिकामी होती. रूथने स्वतः नव्हे. म्हणजे गावात कोणीतरी होतं ज्याने बघितलं आणि जाऊन बोललं. चौथ्या अध्यायात शेजारणी नामीला तोंडावर सांगतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा बरी आहे. ज्या समाजात एका मुलासाठी जीव टाकत, तिथे सात मुलगे म्हणजे काय याची कल्पना करा. आमच्या घरात हे बोलायला शेजारणी नाहीत. फ्लॅटची दारं बंद असतात. घरात एकच माणूस होता ज्याने बघितलं होतं, आणि तो बोलला नाही.

गेल्या सोमवारपासून सकाळची गोळी आणि शुगर माझ्याकडे आहे, रात्रीचं तेलही. नऊचा कॉल साडेनऊला घेतोय, मॅनेजरला खरं कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुझ्या हाताला ताकद नाही, ती बरं चोळते." बायको आतून ऐकत होती. मी म्हटलं, "हो ना? हे मावशीला पण सांग फोनवर." आई माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही.

काल रात्री कौटुंबिक प्रार्थनेला मी हाच दुसरा अध्याय वाचायला घेतला. सरवा शब्द आला तशी आईने मला थांबवलं.

"आमचा शेंगांचा सरवा असायचा," ती म्हणाली. "भुईमूग काढून झाला की मालक रान मोकळं सोडायचा. माती चाळून चाळून बोटं फुटायची. तुझी आजी बांधावर बसायची. सांजच्याला ओटीत काय जमलं ते बघायची आणि म्हणायची, एवढंच?"

मला हे माहीत नव्हतं. पस्तिशीचा झालो, एवढी वर्षं सरव्यावर वाचतोय, बोलतोय, आणि माझ्या आईने तो वेचलाय हे मला माहीत नव्हतं.

"मग तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? मी पण हिच्यासारखीच. गप बसायचे."

"हिच्यासारखी म्हणजे रूथसारखी?"

आईने उत्तर दिलं नाही. बायको तिच्या शेजारी बसली होती, तिच्या मांडीवरची शाल खाली घसरली होती, ती आईने ओढून नीट केली. मग माझ्या हातातल्या पवित्र शास्त्राकडे बोट दाखवलं.

"वाच पुढे," ती म्हणाली.